सुनेच्या मगावर घातलेलं नाव

आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे. तांब्यांवर आहे, पातेल्यांवर आहे, पोह्यांच्या चमच्यांवरसुद्धा आहे. लग्नकार्यात भांडी एकमेकांकडे जायची आणि बिननावाचं भांडं परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. नाव असूनही काही येत नाहीत. आमच्याकडेच एक मोठं पातेलं आहे, त्याच्यावर मोशीच्या कुणाचं तरी नाव आहे. ते आता आमचंच.

सून चाकणच्या कंपनीत कामाला जाते. गाड्यांच्या नळ्या पाण्यात बुडवायच्या, आत हवा सोडायची आणि कुठून बुडबुडा येतो का बघायचं, हे तिचं काम. बुडबुडा आला की नळी बाद. वर्षभर त्यांच्या हातून एकही गळकी नळी बाहेर गेली नाही, म्हणून लाइनवरच्या बाराजणींना कंपनीने बक्षीस दिलं. स्टीलचा झाकणाचा मग. दोन पदरी. आत उकळती कॉफी ओतली तरी बाहेरून हाताला थंड. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी कॉफी ओतायचीच विसरले. झाकण काढून बोट घातलं, ते भाजलं.

सुनेला चहाने पित्त होतं. कंपनीत मशीनमधून चहाच मिळतो. म्हणून पहाटे मी कॉफी करून तिचा मग भरते, साडेपाचला ती चिखलीच्या चौकातून कंपनीची बस पकडते. नऊच्या सुट्टीत झाकण काढलं की वाफ यायची. "आत्या, उभं राहून पाय भरून येतात, ते तेवढ्या दहा मिनिटांत विसरते बघा," असं ती सांगायची. माझ्या हातच्या कशाचं एवढं कौतुक घरात दुसरं कुणी करत नाही, त्यामुळे मी एक दिवस चुकवला नाही.

पण बारा मग, आणि बाराही सारखे. धुवायच्या नळावर अदलाबदल व्हायची. एकदा लसणाच्या वासाचं झाकण घरी आलं. एकदा तळाला साखर जमलेला मग आला, तो मला राखेने घासावा लागला.

"नेलपॉलिशचा ठिपका लावते मी," सून म्हणाली.

"ठिपक्यानं काय हुतंय? नाव घातलं पायजे."

ती हसली, मी ते होकारासारखं धरलं. बुधवारी कंपनीला सणाची सुट्टी होती, तर ती झोपलेली असताना मग पिशवीत घातला आणि बसने देहूला गेले. तिथे भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालणारा बसतो.

"मशीननं घालू का आजी? लगीच हुईल."

"मशीनची अक्षरं घासून जात्यात. छन्नीनं घाल, चांगलं खोल. आन् आधी सौ. घाल."

त्याने दोन ठोके मारले आणि थांबला. "आजी, ह्ये पोकळ वाजतंय."

"तुला नाव घालायला दिलंय का वाजवायला?"

त्याने पुन्हा छन्नी टेकवली. सौ.च्या पुढचं टिंब त्याने एका ठोक्यात असं उठवलं की मला काम एकदम पसंत पडलं.

सुनेने मग फिरवून फिरवून बघितला. "आत्या, कंपनीत मला कुणी सौ. म्हणत न्हाई."

"वाचतील तवा म्हणतील."

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या ती म्हणाली, "आज कॉफी गार होती." झाकण नीट बसलं नसेल, असं मी सांगितलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गार. दूध पातळ आलंय, असं मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी कंपनीत पंखे जास्त असतील, असंही सांगून झालं.

"तीन दिवसांत तीन कारणं," ती म्हणाली. "आमचा सुपरवायझर पण एवढी देत न्हाई."

खरं तर मला पहिल्याच पहाटे कळलं होतं. मग भरताना बाहेरून हाताला चटका बसला होता. मी तो पदराने धरला, तिच्या पिशवीत ठेवला आणि गप्प बसले. या घरात चुका दुसरी माणसं करतात, मी त्या दाखवते. एवढ्या वर्षांची ती व्यवस्था एका मगासाठी मोडायची माझी तयारी नव्हती. पण तिचे तीन दिवस गार कॉफीवर गेले, हेही खरं.

रविवारी तिने न्हाणीघरात बादली भरली. मगात उकळतं पाणी ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि मग पाण्याखाली दाबून धरला.

"आत्या, या इकडं."

सौ.च्या पुढच्या टिंबातून एक बुडबुडा निघाला आणि वर आला. त्याच्यामागून दुसरा. आमचे म्हातारे चष्मा लावून बघायला आले.

"कुटनं येतंय?" त्यांनी विचारलं.

"दोन पदरांच्या मधली हवा काढून घेतलेली असते, म्हणून आतलं गरम राहतं," सून म्हणाली. "भोक पडलं, हवा शिरली, खेळ खलास."

आता चौथं कारण मला सुचेना.

"चूक माझी हाय," मी म्हणाले. "त्यो म्हणत हुता पोकळ वाजतंय. मीच ऐकलं न्हाई."

म्हाताऱ्यांनी चष्मा काढला. "परत म्हण."

"मी एकदाच म्हणत असते."

सून हसता हसता पाटावरच बसली. "कंपनीत असा माल आला की लाल पट्टी लावून बाजूला ठेवतो आम्ही."

"कुणाला, मला?"

"मगाला, आत्या."

दुसरा मग आणून देते म्हणाले, तर तिला नको. बक्षिसाचा हाच, आणि आता नावही तिचंच. म्हणजे कॉफी गरम कशी ठेवायची ते माझ्यावर आलं. सोमवारी पहाटे मग भरला, पुन्हा चटका बसला. समोर खुंटीला म्हाताऱ्यांची लोकरीची कानटोपी होती. ती दुहेरी करून मगावर ओढली. माप घेऊन विणल्यासारखी बसली.

संध्याकाळची वाट न बघता सुनेने नऊलाच फोन केला. "वाफ न्हाई आत्या. पण प्यायला बरी हाय." मागे अकराजणी खिदळत होत्या, ते मला ऐकू आलं. हसू देत. कानटोपी घातलेला मग त्यांच्यातली एकही चुकून उचलत नाही, म्हणजे नावाची गरजच नव्हती.

म्हातारे रोज सकाळी फिरायला निघताना खुंटी चाचपतात.

"माझी टोपी कुटंय?"

"चाकणला. फर्स्ट शिफ्टला गेलीया. चारला येईल."