पाच लिटरचं माप आणि एक सही

दत्ताराम पेडणेकर ऑफिसात आला तेव्हा त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. डब्यात पेट्रोल होतं. दादरच्या आमच्या ऑफिसात त्या काळी प्रत्येक टेबलावर एक तरी सिगरेट जळत असे.

"अरे, ते आधी बाहेर ने!" न्यूज एडिटर प्रधानसाहेब ओरडले. "बातमी द्यायला आलायस की आमचीच बातमी करायला?"

दत्ताराम जिन्यात जाऊन उभा राहिला. त्याच्याशी बोलायला मला पाठवलं. मी तेव्हा सिटी रिपोर्टर होते. पाणी, रेशन, रस्ते, बस असे विषय माझ्याकडे असत.

"बाई, हे पाच लिटर," तो म्हणाला. "परळच्या पंपाच्या मीटरवर पाच होते. शून्य बघून घेतलेत. आता तुम्ही बघा."

पिशवीतून त्याने एक लिटरचं माप काढलं. लालबागच्या ओळखीच्या रॉकेलवाल्याकडून मागून आणलेलं, सरकारी शिक्क्याचं. जिन्याच्या पायरीवर बसून त्याने चार मापं भरून दुसऱ्या डब्यात ओतली. पाचवं माप भरलं नाही. वर कटिंग चहाचा एक ग्लास मावेल एवढी जागा राहिली.

"मी टॅक्सी चालवतो. गाडी दुसऱ्याची, पेट्रोल माझं. रोज पंधरा लिटर लागतं. म्हणजे रोज तीन ग्लास मी त्यांना पाजतो."

"संशय कसा आला?"

त्याने मापाची कड पुसली. "मी हेच केलंय, बाई. चार वर्षं."

दत्ताराम लालबागच्या एका मिलमध्ये साचेवाला होता. साचा म्हणजे माग. संपानंतर मिल पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याला आत घेतलं नाही. बायकोचे दागिने मोडून त्याने एजंटला दिले आणि तो आखातात गेला. कागदावर काम 'टेक्निशियन'चं होतं. तिथे पोचल्यावर हातात पेट्रोल पंपाचा पाइप आला.

"अरबाला कोण फसवणार? तो उतरून कानाखाली देईल. फसवायचं ते आपल्याच माणसांना. मजुरांची गाडी यायची. ड्रायव्हर नवा, भाषा येत नाही, गाडीतून उतरत नाही. आधीच्या गाडीचा आकडा तसाच ठेवायचा आणि तिथून पुढे सुरू करायचं. मॅनेजर सांगायचा, तुला जमत नसेल तर दुसरा आणतो."

"आणि तुम्ही करायचा."

"करायचो. संध्याकाळी खोलीवर आलो की आमच्यातल्या ड्रायव्हरांना शिकवायचो, फसायचं कसं नाही ते. दिवसा मारायचो, संध्याकाळी शिकवायचो."

त्याने शिकवलेलं मी वहीत उतरवून घेतलं. गाडीतून उतरायचं. पाइप आणि मीटर दोन्ही दिसतील असं उभं राहायचं. शून्य आलं की ते आपल्या तोंडाने मोठ्याने म्हणायचं. पैशात मागायचं नाही, लिटरात मागायचं. पंपवाला हवा बघू का, काच पुसू का, असं विचारील तेव्हा मान वळवायची नाही. परक्या देशात माणूस भाषेमुळे फसत नाही, गाडीत बसून राहिल्यामुळे फसतो, असं त्याचं मत होतं.

इथली गोष्ट मात्र वेगळी होती. शून्य दाखवलं जात होतं आणि तरी पेट्रोल कमी येत होतं. म्हणजे फसवणूक माणसाच्या हातात नव्हती, मशीनच्या पोटात होती. पंपाच्या मशीनमध्ये माप कमीजास्त करायचं एक चाक असतं. वजनमापे खात्याचा निरीक्षक तपासणी करतो आणि त्या चाकाला तार बांधून शिशाचं सील मारतो. सील शाबूत असलं की माप बरोबर, असं धरलं जातं. तार मुद्दाम सैल ठेवून घेतली, तर सील न तोडताही चाक फिरतं.

"माझी एक अट आहे," दत्ताराम म्हणाला. "त्या पंपावर पाइपला शांताराम आहे. माझा जोडीदार. त्याचं नाव पेपरात यायला नको. त्याची नोकरी जाता कामा नये."

मिलमध्ये एकाच साच्यावर पाळीपाळीने काम करणारे दोघे म्हणजे जोडीदार. पाळी बदलताना साच्यावरच्या मीटरचा आकडा दोघांनी मिळून बघायचा, कारण मजुरी त्यावर ठरे. अकरा वर्षं या दोघांनी तो आकडा रोज मिळून बघितला होता आणि एकदाही त्यावरून भांडण झालं नव्हतं. दत्तारामने हे मला जिन्यात उभं राहून सांगितलं.

"नाव येणार नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही त्याच्या टॅक्सीने परळच्या त्या पंपावर गेलो. पाइप हातात घेऊन एक किडकिडीत माणूस पुढे आला. खाकी शर्ट त्याला दोन मापं मोठा होता.

"काय रे मेल्या, आज सवारी पुढे बसवलंस?"

"पेपरातली आसत. गप ऱ्हव."

हाच शांताराम. त्याने शून्य दाखवलं, पाच लिटर डब्यात भरलं. आम्ही ते बाजूला नेऊन मोजलं. एक ग्लास कमी.

प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. हा नियम फार लोकांना माहीत नसतो. मी ते माप मागितलं.

"रिपेअरला गेलंय," मॅनेजर म्हणाला.

"मापाला कसलं रिपेअर?"

"चेपलंय."

"कधी येईल?"

"तुम्ही कोण?"

मी सांगितलं. तो आत गेला आणि फोनवर बोलू लागला. तेवढ्यात शांताराम हवा भरायच्या मशीनपाशी आला आणि टायरवर वाकून बोलला.

"चार-पाच दिवसांनी मालकाचा माणूस येतो. झाकण उघडतो. आम्हाला म्हणतो, तिकडे तोंड करा."

"तुम्ही करता?"

"करतो. मिलमध्ये जॉबर-मुकादम सांगायचा तेव्हाही करायचो." टायरमध्ये हवा पुरेशी होती, तरी तो भरत राहिला. "बाई, दोन मुली शिकतायत. संपापासून आठ वर्षांनी महिन्याचा पगार बघतोय. माझा नाव..."

"येणार नाही."

"फुटतला ता," दत्ताराम म्हणाला. "किती हवा भरशील!"

आमच्या धंद्यात एक नियम आहे. कोणावर आरोप छापायचा असेल, तर छापण्याआधी त्याची बाजू घ्यायची. हा नियम योग्य आहे. तो मी पुढे अनेक नवशिक्या रिपोर्टरांना शिकवला. त्या नियमाप्रमाणे मी दुपारी पंपाच्या मालकाला भेटले. त्याने थंड मागवलं आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गंभीर आहे," तो म्हणाला. "मला दोन दिवस द्या. लेखी देतो. लेखी असलेलं तुम्हालाही बरं."

मी दोन दिवस दिले. संध्याकाळी दत्तारामचा ऑफिसात फोन आला तेव्हा त्यालाही तसं सांगितलं.

"दोन दिवस?" तो म्हणाला. "बाई, ते चाक दोन मिनिटांत फिरतं."

"त्यांची बाजू घ्यावी लागते."

"आमची बाजू घेतलीत ना? मग आता वजन करा."

मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतला आणि फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी मालकाचा माणूस एक पाकीट घेऊन आला. त्यात दोन कागद होते. पहिला तपासणीचा. मालकाने स्वतःच निरीक्षकाला बोलावून घेतलं होतं आणि सगळ्या मशीनचं माप बरोबर भरलं होतं. दुसरा कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. एका मशीनमध्ये मी फेरफार केला, मालकांना याची कल्पना नव्हती, असं त्यात लिहिलं होतं. खाली मराठीत सही होती, शांतारामची. सोबतच्या चिठ्ठीत मालकाने कळवलं होतं की अशा कर्मचाऱ्याला ताबडतोब कामावरून काढण्यात आलं आहे.

प्रधानसाहेबांनी दोन्ही कागद उजेडात धरून वाचले.

"स्टोरी बदलली तुझी."

"साहेब, हा माणूस आपला सोर्स आहे. मशीनला तो हातसुद्धा लावत नाही."

"त्याने तसं लिहून दिलंय?"

"तोंडी सांगितलंय. टायरमध्ये हवा भरताना."

"आणि हे?" त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तोंडी एक, लेखी दुसरं. कोर्टात उद्या काय दाखवशील? टायर?"

"निदान नाव नको. मी शब्द दिलाय."

"शब्द सोर्सला दिलास. आता तो आरोपी आहे. नाव नसेल तर डॉक्युमेंटला अर्थ काय? साडेसातला पान जातंय. देतेस की काढू?"

सोर्स म्हणजे माहिती देणारा. त्याचं नाव जपायचं हा आमच्याकडचा दुसरा नियम. एका टाइप केलेल्या कागदाने तो माणूस एका नियमातून उचलून दुसऱ्यात ठेवला होता. घड्याळात सहा वाजले होते. दादरहून लालबागला टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं लागतात. जाऊन विचारून परत येणं जमलं असतं. मी गेले नाही. कागद समोर होता आणि आमच्या धंद्यात कागद बोलण्यापेक्षा वरचा. मी साडेतीनशे शब्द लिहिले. दत्तारामने शिकवलेल्या युक्त्या चौकटीत दिल्या. मालकाची बाजू शेवटच्या परिच्छेदात नीट दिली आणि शांतारामचं नाव दुसऱ्या परिच्छेदात, आडनावासकट. मजकुरात एकही वाक्य खोटं नव्हतं.

बातमी आली त्या दिवशी दत्ताराम ऑफिसात आला. या वेळी हात रिकामे होते.

"चला," तो म्हणाला. "मीटर टाकत नाही."

लालबागला चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर शांताराम खाटेवर बसला होता. आमचा पेपर घडी घालून उशीखाली ठेवलेला दिसत होता. त्याच्या बायकोने मला पाणी दिलं.

"सही का केलीत?" मी विचारलं. हा प्रश्न एक दिवस उशिरा विचारला गेला.

"मॅनेजर म्हणाला, मशीन तुझ्या ताब्यात होतं, सही कर. मला वाटलं, डॅमेजची चिठ्ठी."

मला कळलं नाही. त्याने समजावलं. मिलमध्ये कापडात खोट निघाली की घडी खात्यातून साचेवाल्याला बोलावणं येई. खोट सुताची असो, साच्याची असो, चिठ्ठीवर सही त्याने करायची. पगारातून काही कापलं जाई आणि प्रकरण तिथेच संपे. वाद घातला तर जॉबर दुसऱ्या दिवशी साचा देत नसे. सही केली की साचा शाबूत. जोडीदार असला तर डॅमेज दोघांत अर्धं.

"काय लिहिलंय ते विचारलं नाहीत?"

"चिठ्ठीत काय लिहितात ते कोण विचारतो? वीस वर्षांत मी पन्नास सह्या केल्या असतील. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी कामावर होतो." त्याने खांदे उडवले. "परवाही सकाळी गेलो तसाच. खाकी शर्ट घालून. तर म्हणाला, शर्ट काढून ठेव."

"तू एकदा विचारायचं होतंस मला," दत्ताराम म्हणाला.

"तू खंय होतंस? तू पेपरात होतंस."

दत्ताराम खिडकीपाशी गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "डॅमेज अर्धं माझं. पण यांचं किती ते यांना विचार."

ऑफिसात येऊन मी खुलासा लिहिला. संबंधित कर्मचाऱ्याला इंग्रजी येत नाही, त्याने मजकूर न समजता सही केली, असं त्याचं म्हणणं आहे. प्रधानसाहेबांनी विचारलं, "सही आपली नाही, असं तो म्हणतो का?" मी नाही म्हणाले. "मग खुलासा कसला?" खुलासा छापला गेला नाही. मी तो मालकालाही दाखवला होता. नियमाप्रमाणे.

त्यानंतर शांताराम तीन पंपांवर काम मागायला गेला. तिन्ही ठिकाणी मॅनेजरने त्याचं नाव ऐकलं आणि पेपरात वाचल्याचं सांगितलं. आमचा पेपर इतका वाचला जातो, हे एरवी जाहिरात विभागाला कोणी सिद्ध करून दाखवलं नव्हतं. त्याच्या थोरल्या मुलीने कॉलेज सोडलं आणि दादरच्या एका साड्यांच्या दुकानात घड्या घालायचं काम धरलं.

वर्षभराने दत्ताराम मला दादरला टॅक्सीच्या रांगेत भेटला. त्याने पेट्रोलचा पंप बदलला होता. शांताराम आखातात गेला होता, दत्तारामच्याच जुन्या एजंटकडून.

"काम काय?"

"काय असणार? पाइप धरतो."

"शून्य दाखवतो का?"

"ते मी विचारलं नाही." त्याने काच पुसली. "निघताना एवढंच सांगितलं, कोणी कागद पुढे केला तर सही करू नकोस. तर म्हणतो, मेल्या, तिथे जायच्या कागदावर पण सही केल्यावरच काम मिळालं."

परळचा तो पंप अजून चालू आहे. पाच लिटरचं माप आता कपाटावर ठेवलेलं असतं आणि ते चेपलेलं नाही. पेट्रोल घ्यायची वेळ आली की मी गाडीतून उतरते, मीटर दिसेल असं उभी राहते आणि शून्य मोठ्याने म्हणते. पंपावरची माणसं हसतात.

रिपोर्टर म्हणून शिकलेली गोष्ट इतकीच : कागदावर सही कोणाची आहे हे पाहणं सोपं असतं, त्याला एक मिनिट लागतं. ती का केली हे विचारायला लालबागला जावं लागतं.