राखणदाराची बाटली

मालवण किनाऱ्यावरच्या त्या गावाचं नाव कुठे निघालं, की मला ठाण्यातला लाकडी बाक आणि त्यावर पदर सावरून बसलेली एक बाई आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण मनातून न गेलेलं प्रकरण म्हणाल तर ते एका साध्या आकस्मिक मृत्यूचं. त्यातली माणसं अजून हयात असतील, म्हणून नावं लिहीत नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता. मी घाटावरचा माणूस, फौजदार म्हणून बदलीवर तिकडे गेलेलो. मालवणी कानाला सरावायलाच माझे कित्येक महिने गेले आणि तिथल्या रीतीभाती तर मला कधीच पुरत्या कळल्या नाहीत. गाव रापणीचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून टाकायचं भलंमोठं जाळं. सगळ्यांनी मिळून दोर ओढायचा आणि आलेल्या मासळीचे वाटे करायचे. पोरांना अर्धा वाटा, पुरुषांना पुरा.

एका संध्याकाळी खाडीत, होड्या बांधतात तिथे, सतरा वर्षांच्या मुलाचं प्रेत मिळालं. आम्ही आकस्मिक मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. डॉक्टरांनी बुडून मृत्यू असं लिहिलं आणि पोटात दारू असल्याचंही लिहिलं. मुलगा निर्व्यसनी म्हणून गावात ओळखला जायचा. बाप आधीच गेलेला. आई मासळी विकून दोन मुलांना वाढवत होती, त्यातला हा थोरला. तिचा जबाब घेताना ती रडली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"माझ्या झिलाक सोरो कोणी दिल्यान, तेचा नाव माका व्हया."

झील म्हणजे मुलगा आणि सोरो म्हणजे दारू, एवढं मला तोवर कळत होतं. मी तिला शब्द दिला की नाव शोधून काढीन.

गावाने नाव आधीच ठरवलं होतं. बाजारात दारूचं एकच परवानाधारक दुकान होतं आणि त्याचा मालक कुणालाच आवडत नसे. माणूस तुसडा, उधारी न देणारा. दुसऱ्याच दिवशी बायकांनी त्याच्या दुकानावर जाऊन फळ्या तोडल्या. पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस दारू मिळणार नाही, ही पाटी उखडून गटारात टाकली. मी त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलं. त्यात निम्मा हेतू त्याला मारापासून वाचवायचा होता. तो एवढंच म्हणाला, की मुलगा माझ्या दुकानाची पायरी चढला नाही. पुढे काही विचारलं की भिंतीकडे बघायचा. असा गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतोय हे पोलिसाला लगेच कळतं. काय लपवतोय ते मात्र कळत नाही.

त्याच आठवड्यात शाळेत गावसभा झाली. मलाही बोलावलं होतं. हेडमास्तरांचं म्हणणं, वय तीस करा म्हणजे पोरांना धाक बसेल. ग्रामपंचायतीतला एक तरुण उठून म्हणाला, लग्नाला एकवीस, मताला एकवीस, बियरला एकवीस, कडक दारूला पंचवीस; दोर ओढायला मात्र बारा वर्षांचा चालतो, तेव्हा कुणी वय विचारत नाही. त्यावर बराच गोंधळ झाला. आई मागच्या भिंतीशी बसून सगळं ऐकत होती. मी कायदा समजावून सांगितला आणि गुन्हेगाराची गय करणार नाही असं ठणकावून टाळ्या घेतल्या.

खबर आली ती मासळीचा व्यापार करणाऱ्या एका मुसलमान गृहस्थाकडून. ठाण्यात चहा घेता घेता त्याने सांगितलं, की साहेब, तुम्ही भलत्याच माणसाला बसवून ठेवलंय. त्या दिवशी माल उचलायला तो स्वतः रापणीवर हजर होता. मासळी भरपूर लागली होती आणि मुलाला पहिल्यांदाच पुरा वाटा मिळाला. मग सगळे पुरुष राखणदाराच्या जागेकडे गेले. तो मासळी घेऊन निघाला, पुढचं त्याला माहीत नव्हतं.

राखणदार म्हणजे गावाची वेस राखणारा देव. रापणीतल्या सगळ्यांनी मला सांगितलं होतं की काम आटोपून आम्ही आपापल्या घरी गेलो. राखणदाराचं नावही कुणी काढलं नव्हतं. मी त्यांच्या तांडेलाला, म्हणजे रापणीच्या म्होरक्याला, एकट्याला बोलावलं. सत्तरीचा माणूस, हाताला दोराचे घट्टे. त्याला मी दम दिला नाही. पाणी दिलं आणि विचारलं, की पुरा वाटा मिळालेल्याने राखणदाराला काय द्यायचं असतं?

पंच्याच्या टोकाशी चाळा करत तो बोलायला लागला. मुलगा पुरा वाटेकरी झाला की त्याच्या घरून राखणदाराला मान जातो. नारळ, कोंबडा आणि दारूची बाटली. देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने साकडं घालायचं, दारू ओतायची आणि उरलेली तीर्थ म्हणून सगळ्यांनी घ्यायची. ज्याचा मान त्याने आधी. नको म्हणणं म्हणजे देवाचा अपमान. पोरगा रिकाम्या पोटी होता. कौतुकाच्या भरात कुणी थांबवलं नाही आणि तोही थांबला नाही. घरी जाऊन झोपेल असं सगळ्यांना वाटलं. तो होडी ओढून घ्यायला म्हणून खाडीवर गेला आणि पाय घसरला.

"आणि बाटली कुणी आणली?" मी विचारलं.

"मान घरसून येता, सायबानू," तो खाली बघत म्हणाला. "तेच्याच घरसून इलो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि पडला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. घरात दुसरा मोठा पुरुष नव्हताच. मी दुकानदाराला आत बोलावलं, दार लावलं आणि सरळ विचारलं, की ती बाई तुझ्याकडे आली होती ना?

"इल्ली," तो म्हणाला. "राखणदाराक म्हणान बाटली घेवन गेली, पदराखाली धरून. वय बघूचा तर पन्नाशीची बाय, कसा नाय म्हणतलंय? पण तिका ह्या सांगू नकात. लोकांका माका शिव्ये घालूंदेत. आधीसून तरी खंय बरा बोलतत?"

दुकान फुटलं, वाळीत पडल्यासारखी गत झाली, तरी ज्याचं तोंड गावाला नको होतं त्या माणसाने ते तोंड तिच्यासाठी मिटून ठेवलं होतं. कायद्याने त्याचा गुन्हा नव्हता, तांडेलावर कलम लावण्यात अर्थ नव्हता आणि आईवर लावायला माझा हात धजला नसता. अपघाती मृत्यू म्हणून मी कागद बंद केले आणि दुकानदाराला घरी सोडलं. गावाने समजायचं ते समजून घेतलं.

आई मात्र दर बाजारच्या दिवशी यायची, बाकावर बसायची. तपास चालू आहे असं मी सांगायचो. त्यावर विश्वास ठेवून ती टोपली उचलून जायची. अशा बाईशी खोटं बोलणं फार सोपं असतं आणि ते संपल्यावर दिवसभर काही सुचत नाही.

पुढच्या हंगामात ती आली ती जवळच्या कट्टा गावच्या बाजारातून, हातात पिशवी घेऊन. चेहरा मी पहिल्यांदाच जरा हलका पाहिला. धाकट्याला यंदा पुरा वाटा मिळणार होता. सोळा वर्षांचा होता तो.

"राखणदाराचो मान गेल्या खेपेक माझ्याकडसून कमी पडलो," ती म्हणाली. "म्हणान तो पावलो नाय. आता दोन बाटल्यो घेतलंय, सायबानू."

पिशवीत काच वाजली. मी हवालदाराला बाहेर पाठवलं. मग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. जितकं मऊ सांगता येईल तितकं सांगितलं, पण अशी गोष्ट मऊ होत नाही.

ती ऐकत राहिली. शेवटी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ती दारू खंय हुती, सायबानू? तो तर देवाचो मान."

 मग तिने पिशवीतल्या बाटल्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या, नारळ पिशवीतच राहू दिला आणि निघून गेली. धाकट्याच्या पुऱ्या वाट्याचा मान म्हणून त्या वर्षी राखणदाराला फक्त नारळ फुटला, असं तांडेलाने मला सांगितलं. दुकानदाराच्या दारात ती जाऊन आली, असंही कळलं. काय बोलली ते त्या दोघांनाच ठाऊक.

दारूसाठी वय किती असावं यावर वर्तमानपत्रात अजून वाद चालतो. एकवीस की पंचवीस, मी दोन्ही बाजू वाचतो. मर्यादा असावी असंच माझं मत आहे. ती पाटी मी स्वतः पुन्हा ठोकून घेतली होती. पण पाटी दुकानात असते. घरात देवाच्या नावाने, लग्नाच्या आनंदात, पुरुष झालास म्हणून पाठ थोपटत जो पेला पुढे येतो, त्याच्यासमोर पाटी नसते आणि तो देणाऱ्याला आपण दारू देतोय हे माहीतही नसतं. त्या गावात हे कुणी तरी वेळेवर बोलायला हवं होतं. सभेत मी टाळ्या घेतल्या, तेव्हा मलाही हे ठाऊक नव्हतं.

माझी बदली होईपर्यंत बाजारचे पुष्कळ दिवस आले. ती बाई पुन्हा ठाण्यात आली नाही. तिला हवं होतं ते नाव मी तिला सांगितलं होतं.