शेपूटकरांची सहाशे ओळींची टेस्ट

शेपूटकरांना कुठलीच गोष्ट मधून सुरू करता येत नसे. ‘चहा घेता का सर?’ एवढं विचारलं, तरी मनीषनगरात सकाळी नळ किती वाजता आला इथपासून ते निघत आणि चहावर साय धरल्यावर ‘हो’पर्यंत पोचत. सदर भागातल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात ते सगळ्यांत जुने होते, आणि नव्यांना ते विसरू द्यायचं नाही, एवढं एक काम ते वेळेत करत.

त्यांचं आडनाव अर्थातच हे नव्हतं. एका दवाखान्यासाठी आम्ही पेशंटच्या नोंदणीचा फॉर्म बनवला होता. तो नीट चालतो की नाही हे तपासणारा कोड, म्हणजे टेस्ट, शेपूटकरांनी लिहिली होती. अशी टेस्ट माणसासारखी फॉर्म भरते, बटणं दाबते, आणि सगळं बरोबर निघालं तर हिरवी होते, नाहीतर लाल. शहाणी माणसं प्रत्येक तपासणीचं छोटं फंक्शन करतात. शेपूटकरांनी मात्र पान उघडण्यापासून पावती छापण्यापर्यंत एकच फंक्शन लिहिलं होतं, सहाशेहून जास्त ओळींचं. कोड कागदावरच वाचायचा हा त्यांचा नेम. एकदा त्यांनी ते छापलं, पानं चिकटपट्टीनं जोडली, तर शेवटचं टोक त्यांच्या टेबलापासून पाण्याच्या मशीनपर्यंत गेलं. त्या दिवसापासून ते शेपूटकर झाले. त्यांना राग आला नाही. दोन दिवस त्यांनी ते तसंच पसरून ठेवलं, आणि आम्ही ते ओलांडून पाणी पीत होतो.

मी पहिल्या आठवड्यातच म्हटलं, ‘सर, याचे तुकडे करू या का?’

‘काहून वं?’ ते म्हणाले. ‘पेशंट तुकड्या-तुकड्यानं येते का? तो येते, बसते, नाव सांगते, जाते. तुकडे केले का गोष्ट मरते, पोरी.’

या जिवंत गोष्टीत नाव, वय, मोबाईल भरण्याच्या त्याच त्या आठ ओळी चौदा वेळा होत्या. दवाखान्यानं एकदा ‘मोबाईल’च्या जागी ‘मोबाईल नंबर’ लिहायला सांगितलं. शेपूटकर दीड दिवस ओळी बदलत बसले. एका हातात कोथिंबिरीची तेलकट सांबारवडी, दुसऱ्या हाताचं बोट छापील कागदावर. शेवटी ‘चौदा जागी दुरुस्ती केली’ असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि टेस्ट लाल झाली, कारण तेरा जागीच केली होती. चौदावी जागा कागदावरच्या तेलाच्या डागाखाली सापडली.

मग एके दिवशी दवाखान्यातून नर्सचा फोन आला. एका पेशंटची नोंद संपवून लगेच दुसऱ्याची सुरू केली, की पहिल्याची औषधांच्या ॲलर्जीची माहिती दुसऱ्याच्या फॉर्मवर तशीच राहत होती. आदल्या पेशंटला कसलीच ॲलर्जी नव्हती, म्हणून ‘काही नाही’ ही खूण नर्सपुढे बसलेल्या बाईंच्या फॉर्मवर आपोआप आली होती. त्या बाईंना पेनिसिलिन चालत नव्हतं. नर्सनं सवयीनं तोंडी विचारलं म्हणून निभावलं. ‘मी नसतं विचारलं तर?’ एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

आमची टेस्ट हिरवीगार होती. मॅनेजर साहेबांनी शेपूटकरांना बोलावलं. ‘ते तपासणं माझ्या टेस्टमध्ये आहे,’ शेपूटकर छाती पुढे काढून म्हणाले, ‘मी सोताच्या हातानं लिहिलं.’ साहेबांनी टेस्ट माझ्या हवाली केली. काय वाटेल ते कर, पण कोणालाही वाचता येईल अशी कर.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. चौदा ठिकाणच्या आठ ओळींचं मी एक फंक्शन केलं. मग एकेक तपासणी वेगळी काढून तिला नाव देत गेले. दुसऱ्या दिवशी चारशेव्या ओळीच्या पुढे मला अकरा ओळी दिसल्या. पहिला पेशंट गेल्यावर ॲलर्जीचा रकाना रिकामा होतो का, हेच त्या तपासत होत्या. शेपूटकर खरं बोलले होते. त्यांनी ते लिहिलं होतं. फक्त त्या ओळी बंद करून ठेवलेल्या होत्या, म्हणजे टेस्ट त्यांना वगळून पुढे जायची, आणि वर त्यांचीच नोंद होती: ‘सध्या बंद. उद्या पाहतो.’ तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. मी ओळी चालू केल्या. टेस्ट ताबडतोब लाल झाली.

मी त्यांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

‘कोणाले सांगितलं?’

‘अजून नाही.’

ते उठले आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी मागे. त्यांनी नेहमीसारखी सुरुवात केली, दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी सकाळी काय झालं, दवाखान्याची माणसं पाहायला येणार होती... साहेब म्हणाले, ‘थोडक्यात सांगा.’

‘टेस्टनं तवाच सांगितलं होतं,’ शेपूटकर म्हणाले. ‘मी तिचं तोंड बंद केलं.’

‘असं कसं केलं तुम्ही?’ साहेबांनी विचारलं. शेपूटकर त्यांच्याकडे पाहत राहिले. साहेबांनी मोबाईल हातात घेतला आणि त्यात काहीतरी शोधू लागले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, ‘बंद करायला कोणी सांगितलं होतं?’

‘बोट माझं होतं ना,’ ते म्हणाले.

दोन दिवसांत फॉर्म दुरुस्त झाला. उरलेली टेस्ट तोडायला शेपूटकर माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. तोडताना त्यांचा जीव कासावीस व्हायचा. नावं द्यायचं काम मी त्यांना दिलं, तर एका फंक्शनला त्यांनी ‘पहिल्या पेशंटची ॲलर्जी दुसऱ्याच्या माथी मारली जाऊ नये’ असं नाव ठेवलं. मी पोट धरून हसले. पुढे तीच टेस्ट एकदा लाल झाली तेव्हा काय बिघडलं ते कोणालाच विचारावं लागलं नाही. माझ्या आटोपशीर इंग्रजी नावांचा अर्थ मलाच आठवत नव्हता.

वर्षअखेरीला चूक शोधल्याबद्दल मला काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र मिळालं. साहेबांनी स्वहस्ते दिलं. शेपूटकर पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. महिनाभरानं त्यांना कळवण्यात आलं, की ऑफिसच्या नव्या रचनेत त्यांची जागा बसत नाही. त्यांनी डबा, चष्म्याचं घर आणि देवाचा फोटो पिशवीत भरला. ‘येतो मी,’ म्हणाले. प्रमाणपत्र घेताना माईक माझ्या हातात होता. त्या अकरा ओळी बंद करायला कोणी सांगितलं होतं, हे मला तोवर पुरतं कळलं होतं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका फॉर्मची टेस्ट लाल झाली. दुपारी ग्राहक येणार होते. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘ती एक आजच्यापुरती बंद कर.’

मी कीबोर्डवरून हात काढला. ‘करते सर,’ मी म्हटलं, ‘तेवढं मला लेखी पाठवा.’

साहेब मोबाईलमध्ये काहीतरी शोधत आपल्या खोलीत गेले. मेल अजून आलेली नाही.