धुळ्याची दुतोंडी गाडी

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं. सातपुड्याच्या पायथ्याशी आमची केळी होती, आणि त्या भागात रूळ नव्हते. लहानपणी आगगाडी बघायची तर कुणाच्या लग्नाचं निमित्त काढून जळगावला नाहीतर अमळनेरला जावं लागे. अशा गावातली मुलगी इंजिन चालवायला लागली याचं माहेरच्या लोकांना अजूनही नवल वाटतं. जळगावला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली, भुसावळला मालगाड्यांवर सहायक म्हणून लागले आणि पुढे स्वतः मालगाड्या चालवू लागले. लग्न धुळ्यात झालं. माझे यजमान शाळेत शिकवतात. सासूबाई आमच्याजवळच असतात. मी दोन-दोन दिवस घराबाहेर असायची तेव्हा माझी लेक त्यांनीच सांभाळली.

ड्यूटी संपवून घरी यायचं म्हणजे भुसावळहून चाळीसगाव आणि तिथून धुळ्याची पॅसेंजर. त्या पॅसेंजरचे डबे पार खिळखिळे झाले होते. बाकांचं रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलेला, खिडक्या एकदा वर गेल्या की खाली येत नसत, आणि संडासाचं दार लागत नसल्यामुळे बायका दार धरायला मैत्रीण सोबत नेत. धुळ्याहून राजमान्याला शिकवायला जाणाऱ्या एक बाई सकाळपासून पाणीच पीत नसत, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. रुळांवरून विजेच्या तारा कधीच्या ओढून झाल्या होत्या, पण त्यांच्याखालून गाडी मात्र डिझेलच्या इंजिनानेच ओढली जायची. एकदा बोरविहीरच्या अलीकडे इंजिन बंद पडलं ते पडलंच. आम्ही सगळे खाली उतरलो आणि कपाशीच्या वावरातून चालत रस्त्यावर आलो. माझ्या अंगावर ड्यूटीचा गणवेश होता, त्यामुळे लोक मलाच विचारत होते की गाडी कधी सुटेल. मला काय ठाऊक! मी त्यांच्याबरोबर एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून धुळ्याला पोचले.

ती पॅसेंजर चालवायचे ते आमचे नाना. रेल्वेत त्यांना सगळे नानाच म्हणत. उंच, पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. धुळे-चाळीसगाव मार्गावर त्यांची उमर गेली. फाटकवाले, रुळांची देखभाल करणारे गँगमन, वावरात निंदणाऱ्या बाया, सगळ्यांना ते इंजिनाच्या खिडकीतून हात करत, आणि सगळे त्यांना हात करत.

मग बातमी आली की जुने डबे जाणार आणि त्यांच्या जागी विजेवरची नवी लोकल गाडी येणार. गाडीतल्या कुणाचाही विश्वास बसला नाही. राजमान्याच्या बाई म्हणाल्या, रंग मारून जुनेच आणतील. पण मला पॅसेंजरवर बढती मिळाली आणि नव्या गाडीच्या प्रशिक्षणाला नाव लागलं, तेव्हा मला खात्री पटली. त्याच तुकडीत नानाही होते.

या गाडीला वेगळं इंजिन नसतं. मोटारी डब्यांच्या खालीच बसवलेल्या असतात आणि चालकाची खोली दोन्ही टोकांना असते. मला त्यात फार नवं वाटलं नाही, विजेवरच्या इंजिनांवर माझी बरीच वर्षं गेली होती. नानांचं तसं नव्हतं. वर्गात ते मागच्या बाकावर गप्प बसत. शिकवणाऱ्यांनी काही विचारलं की उत्तर बरोबर देत, पण इतक्या हळू की पुढच्यांना ऐकू जाऊ नये. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ते मला म्हणाले की साहेबांना अर्ज देऊन यार्डातलं काम मागणार आहेत. मी कारण विचारलं.

"माझा हात आवाजावर चालतो, पोरी," ते म्हणाले. "इंजिन कण्हायला लागलं की मला कळतं चढ आला. खोकलं की कळतं काय दुखतंय. या गाडीला आवाजच नाही. मी ऐकू काय?"

त्या रात्री घरी आल्यावर यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, त्यांना धीर नको देऊस, त्यांची मदत माग. आणि मला मदत खरोखरच हवी होती. नव्या चालकाला मार्ग शिकावा लागतो. कुठे चढ, कुठे वळण, कोणता सिग्नल झाडाआड लपतो. धुळ्याच्या मार्गावर मी प्रवासी म्हणून शेकडो वेळा बसले होते, पण खिडकीतून बाजूला बघणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं. दुसऱ्या दिवशी मी नानांना म्हटलं की तुम्ही यार्डात गेलात तर मला हा रस्ता शिकवणार कोण. त्यांनी जेवणाचा डबा पुसून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "बरं. पण तू मला ते बटणांचं सावकाश समजावून सांगायचं."

तसा आमचा सौदा ठरला. चाचणीसाठी रिकामी गाडी फिरायला लागली तेव्हा आम्ही दोघं आणि सोबत निरीक्षक असायचे. गाडीचा हँडल हाताने दाबून धरावा लागतो. हात सुटला की गाडी समजते चालकाला काही झालं, आणि आपोआप ब्रेक लागतात. हे नानांना तोंडपाठ होतं. पण पहिल्याच चाचणीत एका फाटकावर ओळखीचा फाटकवाला दिसला आणि नानांचा उजवा हात सवयीने वर गेला. गाडी जागच्या जागी थांबली. फाटकवाला हिरवी झेंडी धरून आमच्याकडे बघतोय, आम्ही त्याच्याकडे. निरीक्षक काही बोलायच्या आत नाना स्वतःच हसायला लागले. प्रशिक्षण सुरू झाल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहत होते. त्यानंतर ते डाव्या हाताने हात करायला शिकले.

आवाजाचंही जमत गेलं. गिरणेच्या पुलावर एकदा त्यांनी मला खुणेने गप्प केलं आणि म्हणाले, ऐक. चाकांचा आवाज पुलावर पोकळ येत होता आणि खाली मोटारी बारीक गुणगुणत होत्या. "बोलते," ते म्हणाले. "फक्त हळू बोलते." त्या दिवसानंतर अर्जाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. परीक्षेत आम्ही दोघं पास झालो.

पहिली फेरी थंडीच्या दिवसांत निघाली. धुळे स्टेशनवर झेंडूच्या माळा, मांडव, भाषणं, सगळं झालं. गाडी कोरी करकरीत, समोरची काच एवढी मोठी की सगळं स्टेशन त्यात दिसत होतं. धुळ्याहून चाळीसगावपर्यंत नाना चालवणार होते आणि परतीला मी. राजमान्याच्या बाई नवी साडी नेसून आल्या होत्या. आधी त्यांनी संडासाचं दार लावून पाहिलं, मग उघडून पाहिलं, आणि मगच जागेवर बसल्या, हे मला मागाहून कळलं. नानांनी गाडी इतकी अलगद हलवली की फलाटावर वाजंत्री वाजवणाऱ्यांना ती सुटल्याचं उशिरा कळलं.

चाळीसगावला पूर्वी मोठाच कार्यक्रम असे. इंजिन सुटायचं, बाजूच्या रुळावरून फिरून दुसऱ्या टोकाला यायचं, पुन्हा जोडलं जायचं, आणि तोवर लोक चहा-भजी खाऊन घ्यायचे. त्या दिवशी नानांनी किल्ली काढली, खाली उतरले आणि फलाटावरून चालत गाडीच्या दुसऱ्या टोकाला आले. झालं. चहावाला किटली घेऊन उभाच राहिला. त्याने कुरकूर केली की आता लोक चहा कधी पिणार, पण नानांना पहिला कप त्यानेच दिला, आणि नानांनी किल्ली माझ्या हातात दिली.

"आता तुझी बाजू," ते म्हणाले आणि मागच्या टोकाला गार्डाजवळ जाऊन बसले. माझ्याजवळ निरीक्षक होते.

मागून गार्डाच्या दोन घंटा, म्हणजे निघायची खूण, आल्या. मी हँडल पुढे केला. मालगाडी हलवताना आधी सगळ्या वाघिणींचा, म्हणजे मालडब्यांचा, धक्का अंगावर येतो. इथे काहीच नाही, नुसते रूळ जवळ येऊ लागले. भोरस गेलं. जामद्याजवळ जुनी पॅसेंजर चढावर अशी मंदावायची की बाजूच्या रस्त्यावरचे मोटारसायकलवाले तिला मागे टाकून वर वाकुल्या दाखवत. त्या दिवशीही दोघं जण शर्यत लावून बसलेच होते. मी वेगाची मर्यादा मोडली नाही, मोडायची गरजही पडली नाही. चढ कधी संपला ते मला समोरच्या पडद्यावरच्या आकड्यांवरून कळलं. मोटारसायकलवाले मागे राहिले आणि मागच्या डब्यांतून ओरडा झाला तो माझ्यापर्यंत ऐकू आला. निरीक्षक शिस्तीचे माणूस, पण तेही गालात हसले.

शिरूड हे सासूबाईंचं माहेर. आदल्या दिवशीच त्या तिथे जाऊन बसल्या होत्या. का ते मला सांगितलं नव्हतं. जाताना तिथे मोजकीच माणसं दिसली होती; गावाने स्वागत माझ्या परतीच्या फेरीसाठी राखून ठेवलं होतं. वळण घेतल्यावर समोर पाहिलं तर रुळांवर माणसंच माणसं. ढोल वाजत होता, बाया डोक्यावर कळशा घेऊन उभ्या होत्या, आणि काही जण रुळांच्या मधोमध नाचत होते. जुनी गाडी यायची तर तिचा आवाज कितीतरी आधी यायचा, लोक सावकाश बाजूला होत. हिचा आवाज ढोलात कुणाला ऐकूच आला नाही. मी हॉर्न धरला आणि ब्रेक लावला. वेग उतरत गेला, माणसं बाजूला झाली, आणि गाडी फलाटाच्या सुरुवातीलाच, त्यांच्यापासून चांगली लांब, थांबली. निरीक्षक एवढंच म्हणाले, "छान." मग हळूहळू गाडी फलाटाला लावली.

तिथे सासूबाई पुढे आल्या. हातात आरतीचं ताट. त्यांनी गाडीच्या काचेला कुंकू लावायचा प्रयत्न केला, हात पोचेना, म्हणून खालच्या पट्टीला लावलं. मग दिवा ओवाळायला लागल्या. गार्डाच्या दोन घंटा आल्या तरी त्यांचं ओवाळणं चालूच. मी खिडकीतून वाकून म्हटलं, "आई, आता गाडीत बसा. वेळ झाली."

"थांब ना माय," त्या म्हणाल्या, "नारळ तं फोडू दे."

फोडला एकदाचा. बायांनी त्यांना धरून पहिल्या डब्यात चढवलं. कुणीतरी निरीक्षकांच्या हातात भरीत आणि कळण्याच्या भाकरीचं गाठोडं दिलं. ते नियमाचं काहीतरी बोलले, पण गाठोडं परत दिलं नाही.

शिरूड ते धुळे हा पट्टा मी फार निवांत चालवला असं म्हणता येणार नाही, कारण मागून डब्यातला गलबला येत होता आणि त्यात सासूबाईंचा आवाज मला वेगळा ओळखू येत होता. काय बोलत होत्या ते राजमान्याच्या बाईंनी नंतर सांगितलं. डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या फिरल्या होत्या आणि ओळखीच्या-अनोळखी प्रत्येकाला आपल्या अहिराणीत एकच सांगत होत्या, "गाडी मनी वहू चालवस. बठ्ठासले सांगा." म्हणजे, गाडी माझी सून चालवते, सगळ्यांना सांगा.

धुळ्याला आम्ही वेळेवर पोचलो. वेळेवर म्हणजे खरोखर वेळेवर. फलाटावर माझे यजमान लेकीला खांद्यावर घेऊन उभे होते. टाळ्या वाजत होत्या, आणि आधी मला वाटलं की पुन्हा कुणाचं तरी भाषण चाललंय. मग कळलं की टाळ्या गाडीकडे तोंड करून वाजवताहेत. मागच्या टोकाकडून नाना गर्दीतून वाट काढत आले. मला वाटलं, चुका सांगतील. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सासूबाईंना म्हणाले, "अक्का, तुमची सून शिरूडला थांबली ना, तसं मलाही थांबता आलं नसतं." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि त्यांना नारळाचा तुकडा दिला.

गावोगावच्या लोकांनी त्या गाडीचं नाव दुतोंडी ठेवलं. आता तिच्यात सकाळी बसायला जागा मिळत नाही. मधल्या काळात जीपने जाऊ लागलेले लोक परत आले, कॉलेजच्या मुली आल्या, भाजीवाल्या आल्या. राजमान्याच्या बाईंना धुळ्याजवळ बदली मिळत होती, ती त्यांनी नाकारली. नाना निवृत्त झाले, पण शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी हीच गाडी चालवली आणि शेवटच्या फेरीला मार्गावरचं प्रत्येक फाटक फुलांनी सजलं होतं.

सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं आहे, पण महिन्यातून एकदा तरी त्या माझ्या फेरीची वेळ विचारतात, दोन मैत्रिणी गोळा करतात आणि चाळीसगावला जाऊन त्याच गाडीने परत येतात. तिथे काय काम असतं असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, काम कशाला लागतं, आपली गाडी शे.