साडेपाच तास मागे

"इचारून ठेवते हां, सायेब," असं म्हणताना ती कीबोर्डवरचं बोट उचलून हवेत धरायची. आवाज असा, की बाहेर बर्फ उतरवणारा हमालही वळून बघे.

दिघी बंदरातल्या आमच्या मासळी कंपनीत ती सर्व्हर सांभाळायची. कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची. "भाव शेजारणीच्या कानावर पडंल असा ठरवायचा, मंग गिऱ्हाईक फिरत न्हाय," ही आईची शिकवण ती ऑफिसातही पाळायची.

नवे मॅनेजर आले आणि सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "तुमच्या केसांना मासळीचा वास येतो. दाराशी बसा." मासळीच्या कंपनीत! तिनं खुर्ची उचलून दाराशी नेली. असला माणूस तुम्हीही पाहिला असेल. माझ्या तो डोक्यातच गेला.

पुढे जुन्या सर्व्हरवरची नोंदींची टेबलं क्लाउडवर नव्यानं बनवायचं ठरलं. कुठली होडी कधी धक्क्याला लागली, किती मासळी उतरली, सगळं त्यात. तिचं बोट वर गेलं.

"इचारून ठेवते हां, सायेब. हितं वेळ आपली हाय. तिकडं क्लाउडवर ग्रीनिचची, साडेपाच तास मागची पडंल. टेबल बनवतानाच सुधारू?"

"सांगितलंय तेवढं करा. अक्कल पाजळू नका."

तिनं सांगितलं तेवढंच साहेबांच्या हवाली केलं.

पावसाळी मासेमारीबंदी मध्यरात्री उठली, आणि पहाटेच आमच्या होड्या भरून आल्या. नंतर मॅनेजरांनी मालक आणि मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांपुढे मोठ्या पडद्यावर रिपोर्ट लावला. खाली स्वतःचं नाव. पहाटेची मासळी त्यात आदल्या रात्रीच उतरलेली!

"म्हणजे बंदीतच गेला होतात?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मॅनेजर दाराकडे बोट करून ओरडले, "हिची चूक आहे!"

"इचारलं व्हतं, सायेब."

"विचारलं होतं," आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. हमालसुद्धा. इतकं गोड वाक्य मी जन्मात बोललो नाही.

बरोबर वेळेची टेबलं तिनं केव्हाच वेगळी बनवून ठेवली होती. ती उघडून दाखवली, मॅनेजर माफी मागेपर्यंत उभी राहिली आणि राजीनामा देऊन खाडीपलीकडच्या आगरदांड्याच्या फेरीबोटीत बसली. निघताना मला म्हणाली, "येते हां दादा. सायबांसाठी सुक्या बोंबलांची पुडी ठेवलीय."

दाराजवळची तिची खुर्ची रिकामी आहे. तिच्याकडे बघवत नाही.

साहेबांच्या केबिनमधला वास मात्र अजून जात नाही. एसी खोलून झाला, गालिचा बदलून झाला. पुडी कुठे आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांनी अजून विचारलेलं नाही.