स्वतःच्या नावाचं बिल

इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशीला खोली मिळाली, तेव्हा घरमालकीण काकू म्हणाल्या होत्या, "वीज-पाणी भाड्यातच. बिलाची कटकट नाही तुला." मावशीला वाटलं, आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. पण भाड्यातली वीज ही वीज नसते, उपकार असतो, हे तिला आठवड्याभरातच कळलं. दिवा जरा जास्त वेळ राहिला की मधल्या भिंतीवर टकटक. नळाची धार मोठी झाली की जिन्यात खाकरणं. चौदा वर्षांत मावशी अंधारात भांडी घासायला शिकली, वेणीसुद्धा घालायला शिकली. माणूस कशालाही सरावतो, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

तिला रक्ताचं एकच माणूस उरलं होतं, ताई. आई गेल्यावर धाकट्या मावशीला तिनंच वाढवलं आणि त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं. पुढे ताईला झटका आला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून ताई शहरातल्याच एका आश्रमात होती आणि मावशीचा रविवार तिच्या खाटेपाशी जायचा.

एक दिवस आश्रमाने कळवलं: इमारत मोडकळीला आली आहे, चार महिन्यांनी सगळ्यांना दूरच्या गावी हलवणार. ज्यांना आपलं माणूस घरी न्यायचंय त्यांनी राहत्या घराचा पुरावा आणावा, स्वतःच्या नावावरची विजेची तीन बिलं. त्या दूरच्या गावी जायला-यायला दोन दिवस लागत. मावशीला सुट्टी असायची एक.

ती काकूंकडे गेली. "काकू, मला वेगळा मीटर घेऊ द्या. ताईला आणायचंय."

काकूंनी आढेवेढे घेतले, मग म्हणाल्या, "मीटर तुझा, बिल तुझं, मग माझं काय जातंय? आण बाई तिला." काकू चिकट होत्या, वाईट नव्हत्या. मीटरच्या अर्जावर सही त्यांनी तिथेच दिली.

पहिलं बिल आलं तेव्हा मावशीने ते धुलाईघरात सगळ्यांना दाखवलं. छापील अक्षरात तिचं नाव होतं. "आता मोठ्या घरच्या झालात, चहा पाजा," बायका म्हणाल्या. तिने पाजला.

पण हाताची सवय हाताबरोबरच जाते. आता तर वीज स्वतःची, बिल थकलं तर सगळंच मुसळ केरात, म्हणून तिने बटणाला बोटच लावलं नाही. जिन्यातल्या दिव्याचा उजेड दारातून आत येई, तेवढ्यात जेवायची. फोन कामावरच चार्ज करायची. ताई आली की तिला पंखा लागेल, तेव्हा वापरू, असं म्हणायची.

हलवायच्या आदल्या दिवशी तिने तिन्ही बिलं आश्रमाच्या कचेरीत कारकुनापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला.

"युनिट शून्य. इथे शून्य. इथे एक. आणि हा शेरा वाचलात का? घर बंद."

"अहो, दिवसा मी कामावर असते. रोज राहते मी तिथे."

"दिव्याशिवाय कोण राहतं, बाई? नुसत्या पत्त्यासाठी मीटर लावणारे रोज बघतो आम्ही."

"मालकिणीला विचारा ना. फोन लावून देते."

"मालकीण तुमच्याच बाजूने बोलणार. कागदावर तिथे कुणी राहत नाही." त्याने बिलं परत सरकवली. "पुढच्या वर्षी अर्ज करा."

मावशीला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. तीन महिने ती स्वतःच्या शहाणपणावर खूश होती.

सकाळी ती आश्रमात पोचली तेव्हा अंगणात बस उभी होती. ताई दाराशी खुर्चीत बसली होती. पायांत चपला, मांडीवर गाठोडं. गेल्या रविवारी मावशीनेच तिला सांगितलं होतं, की आता आपल्या घरी जायचं. दोघा सेवकांनी तिला उचलून बसमध्ये खिडकीपाशी बसवलं. धाकटी दिसताच ताई अर्ध्या तोंडाने हसली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थोपटू लागली, ये, बस.

"आलेच हं," मावशी म्हणाली.