पोरं, गुरं, कोंबड्या

"म्हण," पाटील म्हणाला.

मी पायरीकडं बघत राहिलो.

"अरं म्हण की! तोंडात काय धरलंयस?"

पोरीला माती देऊन चौथा दिवस होता. चावडीच्या पायरीखाली मी उभा, गळ्यात हलगी. आम्ही मांग. पायरी चढायची आम्हाला मुभा नव्हती. पाटील वर बसून कागद वाचत होता. मला अक्षर येत नाही. म्हणून दवंडीचा हुकूम आला की पाटील एकेक वाक्य वाचायचा आणि मी त्याच्यामागून म्हणायचो. तीनदा म्हटलं की पाठ व्हायचं. मग हलगी वाजवत गावभर फिरायचं. बापानं तेच केलं, आज्यानं तेच केलं.

त्या दिवशीचा हुकूम असा होता.

"ऐका हो ऐका! साहेबाची मोटार येता-जाता कुणी सडकेवर येऊ नये. ज्यानं त्यानं आपली पोरं, गुरं, कोंबड्या आवरून धराव्यात. ज्याच्या चुकीनं इजा होईल, त्याची जबाबदारी त्याच्यावर."

पोरं, गुरं, कोंबड्या. एकाच दावणीला. आणि चूक मेलेल्याची.

मी तीनदा म्हटलं. होय, म्हटलं. खोटं कशाला सांगू? पहिल्यांदा आवाज फुटला नाही म्हणून पाटलानं आणखी एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "आता बराबर. जा."

माझी पोर तानी. नऊ वर्षांची, एकुलती एक. तिच्या आधीचे दोन पाळण्यातच गेले होते.

आमचं गाव कोल्हापूरपासून तीन कोसांवर, गगनबावड्याच्या सडकेला लागून. आदल्या साली मीच गावात दवंडी दिली होती. महाराजांचा हुकूम हाय, सगळ्या जातीच्या पोरास्नी शाळेत घाला. तो हुकूम सांगताना माझी छाती फुगली होती. वरच्या आळीत तर मी तो मुद्दाम दोनदा सांगितला. घरी आलो तर तानी दारात.

"आबा, सगळ्या म्हंजी मीबी?"

"तूबी," म्हटलं.

ती शाळेत जायला लागली. बाहेर ओसरीच्या कडेला बसायची, पण बसायची. माझं नाव पाटीवर काढून दाखवायची. मला ते वाचता यायचं नाही. तरी मी म्हणायचो, झ्याक काढलंस. आता वाटतं, ती दवंडी देताना माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. असं वाटू नये, पण वाटतं. माझ्याच तोंडून तो हुकूम निघाला आणि त्याच सडकेनं ती शाळेला गेली.

साहेब गोरा होता. विलायतेच्या बादशहाचा माणूस म्हणून महाराजांच्या राज्यात राहायचा. उन्हाळा आला की थंड हवेला घाटमाथ्यावर जायचा. मोटार स्वतः हाकायचा, ड्रायव्हरला बाजूला बसवून. धुरळा एवढा उडायचा की पाव कोसावरून कळायचं, आला.

त्या सकाळी मी सडकेपलीकडच्या बांधावर गवत कापत होतो. तानी करंजाच्या झाडाखाली मैत्रिणीची वाट बघत उभी. सडकेवर नव्हती. कडेला, झाडाच्या बुंध्याला टेकून. वळणावर एक म्हैस आडवी आली. साहेबानं म्हशीला चुकवायला मोटार कडेला घातली.

म्हैस वाचली.

मी धावत पोचलो तेव्हा साहेब खाली उतरला होता. मोटारीचा दिवा फुटला होता, तो त्यानं वाकून बघितला. मग पोरीकडं बघितलं, उभ्यानंच. रुमालानं हात पुसले. ड्रायव्हरला काहीतरी बोलला आणि मोटार निघून गेली.

तानी जिवंत होती. माझ्या मांडीवर डोकं. म्हणाली, "आबा, पाणी."

विहीर वीस पावलांवर होती. गावची विहीर. आम्हाला बंद. मी उठलो आणि ओढ्याकडं धावलो. ओढा लांब, शेताच्या पार तिकडं. ओंजळीत पाणी घेऊन आलो, निम्मं वाटेतच सांडलं. तोवर ती गेली होती.

हे मी कुणाला सांगत नव्हतो. आज सांगतो. कुणी मला अडवलं नव्हतं. विहिरीवर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. माझे पायच तिकडं वळले नाहीत. पोर मरत होती आणि मी रीत पाळत होतो. साहेबानं तिला मारलं, पण तिच्या तोंडात पाणी पडलं नाही ते माझ्यामुळं.

दुसऱ्या दिवशी मी आणि माझी बायको हौसा चालत कोल्हापूरला गेलो. मामलेदार कचेरीत दुपारपर्यंत उन्हात उभं केलं. मग मामलेदारांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, त्या साहेबावर आपल्या कोर्टात फिर्याद चालत नाही."

"मग कुठं चालती?"

"त्यांच्या कोर्टात. तिथं न्यायाला बसणार तोही गोराच."

"मी तितं जाऊ?"

"तुला कोण उभं करून घेणार?"

मी म्हटलं, "मग म्हाराजांच्या पायाशी जातो."

त्यांनी मान हलवली. "इथं महाराजांचेही हात बांधलेले आहेत. करारच तसा आहे."

हे ऐकून मात्र मी खाली बसलो. ज्या राजानं माझ्या पोरीला शाळा दाखवली, त्याच्याच राज्यात तिला मारणाऱ्याला कुणी साधं विचारू शकत नव्हतं.

मामलेदार समजुतीनं बोलू लागले. "अरे, ही राजाराजांतली रीत आहे. एका राजाचा माणूस दुसऱ्याच्या राज्यात राहिला तर त्याला हात लावायचा नाही. आता तुझंच बघ. शेतसाऱ्याची दवंडी दिलीस म्हणून तुला कुणी मारतं का?"

ते खरं होतं. दवंडी कितीही कडू असो, लोक शिव्या सरकारला घालायचे. हलगीवाल्यावर कधी कुणी हात टाकला नव्हता.

मी म्हटलं, "रावसाहेब, मी निस्तं सांगतो म्हणून मला मारत न्हाईत. उद्या दवंडी देता देता मी कुणाची पोर मारली, तर मला सोडतील व्हय?"

मामलेदारांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "घरी जा तू."

आणि चौथ्या दिवशी ती दवंडी.

पहिली दवंडी पाटील आळीत दिली. सगळीच्या सगळी. बायका दारात आल्या आणि मला बघून आत गेल्या. दुसरी मारुतीच्या देवळापुढं, लांब उभं राहून. एक म्हातारा पारावर बसला होता, त्यानं मान खाली घातली. पोटाचा आणि वतनाचा प्रश्न होता, म्हणून जीभ चालत होती. तिसरी मांगवाड्यात.

हौसा दारात बसली होती. चार दिवस तिनं चूल पेटवली नव्हती. मी हलगीवर थाप मारली आणि सुरू केलं. पोरं, गुरं, कोंबड्या. ज्याच्या चुकीनं.

ती उठली. जवळ आली. ओरडली नाही, रडली नाही.

"अवो, कुणाची चूक म्हणालासा?"

मी हलगी खाली केली.

"सांगा की. सारा गाव ऐकतोय. तानीची चूक व्हय?"

मी तिच्याकडं बघू शकलो नाही. पायांकडं बघितलं. माझे हे पाय. कुणी सांगेल तिकडं जाणारे, अडवायला कुणी नसलं तरी अडणारे. मला माझीच शिसारी आली. साहेबाचा राग नंतर आला. आधी माझा आला.

मी वळलो. चावडीपुढं जाऊन उभा राहिलो. हलगी अशी वाजवली की पाटील जेवता जेवता उठला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणी पाठ करून न दिलेली दवंडी दिली.

"ऐका हो ऐका! माझी पोर सडकेच्या कडंला हुती. चूक साहेबाची हाय. तेनं म्हस वाचीवली आन् माझी पोर मारली. तेला कायदा न्हाय. म्हाराजबी तेला इचारू शकत न्हाईत. ह्यो हुकूम सरकारचा न्हाय. ह्यो माझा हाय!"

दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात पहिली काठी पडली. पाटलाची माणसं होती. हलगीवाल्याला मारत नाहीत ही आज्यापासूनची रीत, ती तिथंच मोडली. खरं सांगितलं म्हणून मोडली. तोंडातून रक्त येत होतं तरी मी म्हणत राहिलो, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोलायला जमलं नसतं. हलगी काढून घेतली. दोन दिवस चावडीत कोंडलं. वतन माझ्या चुलतभावाला दिलं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरात पाच खाणारी तोंडं आहेत.

महिन्याभरानं पाटलानं बोलावलं. आवाज मऊ होता. "चार माणसांत एवढंच म्हण. पोरीच्या दुःखात डोस्कं फिरलं हुतं. हलगी परत देतो."

"डोस्कं जाग्यावर हुतं, पाटील," मी म्हटलं. "आजबी हाय."

तिथून निघालो तो सरळ गावच्या विहिरीवर गेलो. भर दुपारी, लोक बघत असताना. पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी घेतलं. ते मी प्यायलो नाही. करंजाच्या झाडाखाली नेऊन ओतलं. त्याबद्दलही मार खाल्ला. त्याचं काही वाटलं नाही.

मोटार तो उन्हाळाभर जातच राहिली. मला न्याय मिळालेला नाही, आणि मिळेल असं मी हौसाला सांगत नाही. पण मी एक ठरवलं आहे. पुढचा उन्हाळा लागला की साहेब पुन्हा घाटावर निघेल. त्या दिवशी मी कडेला उभा राहणार नाही. सडकेच्या मधोमध उभा राहीन. त्याला थांबावं लागेल, नाहीतर सगळ्यांच्या देखत मला चिरडून जावं लागेल. थांबला तर एकच विचारीन, माझी पोर का मारलीस? तो बदलून गेला असेल तर त्याच्या जागी जो येईल त्याला विचारीन. उत्तर मिळेपर्यंत सडक सोडणार नाही.